पॉल चेंबर्सचा बास कानाने उतरवून घ्यायचा तर

जॅझच्या रेकॉर्डमध्ये बास ऐकूच येत नाही, अशी नव्या श्रोत्यांची हमखास तक्रार असते. बास असतो, पण ट्रंपेट आणि सॅक्सोफोन कान ओढून घेतात आणि तो खालून आपला चालत राहतो. थांबला तर मात्र लगेच कळतं, घरातला पंखा बंद पडल्यावर कळतं तसं. जॅझमधला डबल बासवादक पॉल चेंबर्स याचं कौतुक करणाऱ्यांपैकी पुष्कळजण ‘काय सुंदर बास आहे’ इथवर येऊन थांबतात. त्याच्या पुढे जायचं असेल तर त्याची एक चाल, म्हणजे सलग अठ्ठेचाळीस मात्रा, कानाने उतरवून घ्यायची आणि त्याच्याबरोबर वाजवायची. ती कशी, ते इथे सांगितलं आहे. डबल बास नसेल तर बास गिटार चालते, तीही नसेल तर हार्मोनियम किंवा नुसता गळा चालतो.

माणसाबद्दल थोडक्यात. जन्म २२ एप्रिल १९३५, पिट्सबर्ग. वाढला डेट्रॉइटमध्ये. बास हातात घेण्याआधी ट्यूबा वाजवायचा. १९५५ साली, विशीत, ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाचजणांच्या बँडमध्ये, आला आणि पुढची सात-आठ वर्षं तिथेच राहिला. ४ जानेवारी १९६९ रोजी क्षयाने गेला तेव्हा वय ३३. मधल्या काळात ‘ब्लू ट्रेन’, ‘काइंड ऑफ ब्लू’, ‘जायंट स्टेप्स’ या तिन्ही रेकॉर्डवर बास त्याचाच. ‘काइंड ऑफ ब्लू’चं दुसरं रेकॉर्डिंग झालं तो दिवस २२ एप्रिल १९५९, म्हणजे त्याचा चोविसावा वाढदिवस. ‘ऑल ब्लूज’ त्या दिवशीचं आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. चेंबर्सने कुठला स्वर घेतला हे छापील नोटेशनमध्येही मिळेल. तो स्वर किती वेळ धरला आणि झांजेच्या ठोक्याच्या नेमका कुठे टाकला, हे मात्र रेकॉर्डमध्येच आहे. सगळी मेहनत त्यासाठी घ्यायची.

तयारी

वायरवाले हेडफोन घ्या. मोबाइलचा स्पीकर या कामाला निरुपयोगी आहे. डबल बासची सर्वांत जाड, ई ची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते आणि सर्वांत बारीक, जी ची तार ९८ हर्ट्झला. एवढ्या खालचा आवाज त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि मूळ स्वराचा अंदाज कान स्वतः बांधतो. त्यामुळे स्वर बरोबर पण सप्तक चुकीचं, ही चूक सर्रास होते. ब्लूटूथचे हेडफोन नुसतं ऐकायला ठीक आहेत, बरोबर वाजवायला नाहीत. आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंद उशिरा पोचला तर मध्यम लयीत ती मात्रेची पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी गफलत होते, आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देत बसतो.

संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात दोन कामं करायची. एक, पट्टी न बदलता लय पाऊणपट करायची. निम्म्यावर आणू नका, स्वरांची सुरुवात लगद्यासारखी होते. दोन, त्याच तुकड्याची दुसरी प्रत करून तिची पट्टी एक सप्तक वर न्यायची. बास अचानक चेलोसारखा स्पष्ट ऐकू येतो आणि अवघड जागा सुटतात. ही वर नेलेली प्रत फक्त स्वर ओळखण्यापुरती वापरायची. स्वराची लांबी किंवा ठोक्याची जागा तिच्यावरून ठरवू नका, कारण पट्टी बदलताना सॉफ्टवेअर प्रत्येक स्वराची कड थोडी पुसून टाकतं.

कुठला तुकडा घ्यायचा

बहुतेकजण ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या ट्रॅकपासून, ‘सो व्हॉट’पासून, सुरू करतात आणि अडकतात. पहिला तुकडा ‘फ्रेडी फ्रीलोडर’चा घ्यावा. ‘काइंड ऑफ ब्लू’वरचा हा दुसरा ट्रॅक, बी फ्लॅटमधला बारा बारचा ब्लूज, मिनिटाला साधारण १२५ ते १३० मात्रा. लय चालायला निघाल्यासारखी आहे, ना धावावं लागत ना रेंगाळावं. पहिले दोन आवर्तन थीम आहे. पाऊण मिनिटाच्या आसपास विंटन केलीचा पियानो सोलो सुरू होतो. त्याचं पहिलं आवर्तन आपलं. चाराचे बारा बार, अठ्ठेचाळीस मात्रा, जेमतेम तेवीस सेकंद.

इथे एक जुनी मेख आहे. २ मार्च १९५९ च्या रेकॉर्डिंगला टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सगळं थोडं चढं वाजतं. पहिल्या बाजूचे तिन्ही ट्रॅक, ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’, कित्येक वर्षं तसेच चढे विकले गेले, आणि १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झाले. तुमच्याकडची प्रत जुन्या रेकॉर्डवरून घेतलेली असेल तर ट्यूनरला लावलेलं वाद्य तिच्याशी जुळणार नाही. कान बिघडलेला नसतो. नवी आवृत्ती शोधा, किंवा ऑडॅसिटीत पट्टी थोडी खाली आणा. रेकॉर्डशी जुळवून चारही तारा चढवत बसू नका.

उतरवायची पद्धत

पहिले दोन दिवस वाद्याला हात लावायचा नाही. तुकडा सतत लावून घरात चालायचं, दर मात्रेला एक पाऊल. मग बासची चाल गुणगुणायची, शब्द नकोत, नुसतं ‘ढुम ढुम’. जे गाता येत नाही ते हाताला येत नाही, हे आपल्याकडच्या तबलजीला सांगावं लागत नाही. आधी बोल तोंडात, मग हातात. बासचंही तेच आहे.

मग कागदावर बारा रकाने आखा, प्रत्येकात चार घरं. लगेच ओळीने भरत सुटू नका. आधी प्रत्येक बारची पहिली मात्रा, म्हणजे सम, तेवढीच शोधा. बारा स्वर. त्यातले बहुतेक त्या कॉर्डचा, म्हणजे तिथे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा, मूळ स्वर असतील. जिथे नसेल तिथे खूण करा, ती जागा पुढे कामाची आहे. दुसऱ्या फेरीत चौथी मात्रा भरा. चौथी मात्रा ही पुढच्या समेकडे जायची पायरी असते, आणि बहुतेक वेळा ती पुढच्या समेपासून अर्ध्या स्वरावर वरून किंवा खालून असते. दोन्ही टोकं भरली की मधल्या दोन मात्रांना पळायला जागा उरत नाही. हा क्रम पाळला तर नवख्याला एक आवर्तन आठवड्यात होतं. पहिल्या मात्रेपासून ओळीने गेलात तर पाचव्या बारमध्ये एक स्वर चुकतो आणि पुढचं सगळं त्या चुकीवर रचलं जातं.

ब्लूजचा साचा सरगममध्ये मांडला तर पटकन डोक्यात बसतो. बी फ्लॅट म्हणजे सा. पहिले चार बार सा वर, पाचवा-सहावा मध्यमावर, सातवा-आठवा परत सा वर, नववा पंचमावर, दहावा मध्यमावर. नेहमीच्या ब्लूजमध्ये अकरावा-बारावा सा वर येऊन मिटतो. या धूनमध्ये तो कोमल नीवर, म्हणजे ए फ्लॅटवर जातो. पुस्तकी ब्लूज पाठ असलेले लोक इथे हटकून घसरतात आणि वर म्हणतात की चेंबर्सने चुकीचा स्वर घेतला. दहाव्या बारमधून अकराव्यात शिरताना शुद्ध नी किंवा ध, आणि बाराव्यातून परत सा वर येताना शुद्ध नी, या जागा आधीच कानात ठेवा.

चाल कशी बांधली जाते ते हाताला कळावं म्हणून खाली सरावासाठी रचलेले सहा बार दिले आहेत. ही चेंबर्सची चाल नाही, त्याच्या पद्धतीने बांधलेला धडा आहे. सां म्हणजे तार सप्तकातला सा.

बार १: सा, ग, प, ध
बार २: कोमल नी, ध, प, ग
बार ३: सा, रे, कोमल ग, शुद्ध ग
बार ४: प, सा, ग, तीव्र म
बार ५: म, ध, सां, ध
बार ६: म, कोमल ग, रे, कोमल रे
आणि सातव्या बारची सम: सा

चौथ्या बारचा शेवट नीट बघा. ग, मग तीव्र म, आणि समेवर म. खालून एक, वरून एक, आणि मधोमध उतरायचं. चौथ्या मात्रेचा तीव्र म कॉर्डमध्ये कुठेच बसत नाही, आणि म्हणूनच पुढचा म पक्का वाटतो. तोच स्वर समेवर टाकून बघा, लगेच चूक वाटेल. सहाव्या बारची उतरण तर चारही पायऱ्या मोजत सा वर येते. अशा वेळी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचं पियानोच्या आधी बासमधून कळतं.

डबल बासवर हे सहाही बार मानेच्या अगदी वरच्या टोकाला वाजतात. डावा हात हाफ पोझिशनमध्ये ठेवा. ए च्या तारेवर तर्जनीखाली बी फ्लॅट, म्हणजे सा. मधलं बोट बी वर, करंगळी सी वर. अनामिका वेगळी वापरायची नाही, ती करंगळीला टेका देते. डी ची आणि जी ची मोकळी तार म्हणजे अनुक्रमे ग आणि ध, फुकट मिळालेले स्वर. मोकळी तार वाजत असताना हात सरकवायला पूर्ण एक मात्रा मिळते. अडचण दोनच ठिकाणी आहे. तिसऱ्या बारमध्ये कोमल ग, म्हणजे डी फ्लॅट, ए च्या तारेवर हाफ पोझिशनच्या एक घर पलीकडे आहे. म्हणून सा तर्जनीने वाजवून झाला की हात अर्धा स्वर खाली, घोडीच्या दिशेने सरकवायचा, रे मधल्या बोटाने, कोमल ग करंगळीने आणि शुद्ध ग मोकळ्या तारेवर. सहाव्या बारमध्ये म नंतर हाच बदल, आणि सातव्याच्या समेला परत मूळ जागी. करंगळी ताणून डी फ्लॅट गाठायचा प्रयत्न करू नका. डबल बासवर तो स्वर उतरतो, आणि मनगट दुखायला लागतं ते निराळंच.

लांबी आणि जागा

स्वर जमले म्हणजे निम्मं काम झालं. आता तुकडा मूळ लयीत लावा आणि एकच गोष्ट ऐका: एक स्वर कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो. चेंबर्सच्या स्वरांमध्ये फट नसते. पुढचा स्वर येईपर्यंत मागचा जिवंत असतो, पण त्याच्यावर सांडत नाही. नवशिक्यांच्या हातून याच्या नेमकं उलट होतं. पुढच्या स्वरावर वेळेत पोचायच्या घाईत डावं बोट आधीच उचललं जातं आणि प्रत्येक मात्रेच्या शेवटी बारीक खळगा पडतो. एकेक स्वर बरोबर, तरी एकंदर चाल लंगडी. उपाय कंटाळवाणा आहे. मिनिटाला ६० मात्रा लावून एकाच तारेवर दोन स्वर, दहा मिनिटं, बोट उचलायचं ते दुसरं बोट दाबल्यावरच.

त्या काळातल्या बासवर आतड्याच्या तारा सर्रास असायच्या, निदान वरच्या दोन. आतड्याची तार जाड असते, तिचा ठोसा गोल येतो आणि आवाज लवकर विरतो. आजच्या स्टीलच्या तारा, त्यातून पिकअप आणि अॅम्प्लिफायर लावलेल्या, लांब घुमतात. त्याच बोटांनी तेच वाजवलं तर स्वर एकमेकांवर चढतात, विशेषतः डी आणि जीच्या मोकळ्या तारा. तेव्हा मोकळ्या तारेवरून निघताना डाव्या हाताच्या रिकाम्या बोटाने ती हलकेच गप्प करायची सवय लावा. बास गिटार असेल तर घोडीजवळ तारांखाली दोन बोटं रुंदीची फोमची पट्टी सरकवा आणि टोन पूर्ण खाली करा. आवाज हुबेहूब येणार नाही, लांबी मात्र बरीच जवळ येते.

जागेसाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र, वेगळ्या पद्धतीने लावायचा. गाण्याची लय १२८ असेल तर मेट्रोनोम ६४ वर ठेवा आणि त्याचा टिक हा दुसरी आणि चौथी मात्रा समजा. ड्रमरच्या डाव्या पायाखालच्या झांजांची ‘चिक’ तिथेच पडते. सुरू करताना टिकबरोबर ‘दोन’ म्हणा, पुढच्या टिकला ‘चार’. असे तीन-चार फेरे झाल्यावर मधल्या रिकाम्या जागांमध्ये ‘एक’ आणि ‘तीन’ भरा, आणि मगच वाजवायला लागा. दोन-तीन आवर्तनांत केव्हातरी टिक आपसूक एक-तीनवर उलटेल. ते सगळ्यांचं होतं, कारण लहानपणापासून आपण टाळी समेवर देत आलो. उलटलं की थांबा, पुन्हा मोजा. वाजवता वाजवता दुरुस्त करायला जाऊ नका.

आता रेकॉर्डवरचं नातं ऐका. ड्रमर जिमी कॉबची मोठी झांज ‘टिंग, टिंग-ट-टिंग’ करत स्थिर असते, आणि चेंबर्सचा ठोका तिच्या पुढच्या कडेवर पडतो. घाई म्हणावी असा नाही, पण टेकून बसलेलाही नाही. म्हणूनच या बँडची मध्यम लय वेग न वाढवताही पुढे ओढल्यासारखी वाटते. याची नक्कल करायला जाऊन लोक लय पळवतात. तपासायचं असेल तर स्वतःचं रेकॉर्डिंग करा, पहिलं आणि दहावं आवर्तन किती सेकंदांत होतं ते मोजा. फरक अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आला तर तुम्ही ठोक्याच्या पुढच्या कडेवर नाही, नुसते पळत आहात.

उजव्या हाताचं एक. तर्जनीचं टोक नको, तिची बाजू वापरा, पेराचं मांस तारेवर आडवं ठेवून. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकलेला, फिंगरबोर्ड जिथे संपतो त्याच्या थोडं अलीकडे. तार वर उपटायची नाही. हाताचं वजन घेऊन आडवी ओढायची आणि बोट शेजारच्या तारेवर येऊन विसावलं पाहिजे. उपटली की तार फिंगरबोर्डवर आपटते आणि ‘थड’ असा आवाज येतो. सुरुवातीला वीस मिनिटांच्या वर वाजवू नका. फोड आलाच तर फोडायचा नाही, दोन दिवस हात लांब ठेवायचा.

‘सो व्हॉट’ आणि मोजणीचा गोंधळ

आता ‘सो व्हॉट’कडे या. थीम स्वतः बासच सांगतो आणि बाकीचे दोन कॉर्डचं उत्तर देतात. एवढ्या एका कारणासाठी हा ट्रॅक जगभरच्या बासवाल्यांनी गिरवला आहे. स्वर ओळखणं मराठी कानाला सोपं जावं, कारण डी डोरियन म्हणजे डी ला सा मानून काफी थाटाचे स्वर: कोमल ग, कोमल नी, बाकी शुद्ध. सोळा बार डी वरची काफी, आठ बार अर्धा स्वर वर चढून ई फ्लॅटवरची काफी, पुन्हा आठ बार डी. एकूण बत्तीस. साम्य स्वरांपुरतंच आहे, काफी रागाचं चलन इथे शोधू नका.

अवघड आहे ती मोजणी. शेवटचे आठ बार डी, आणि पुढचं आवर्तन सुरू होतं तेही सोळा बार डी ने. म्हणजे सलग चोवीस बार एकच कॉर्ड, शहाण्णव मात्रा, आणि मध्ये कुठेही रस्ता बदलल्याची पाटी नाही. बहुतेकजण इथे आठ बार आधी किंवा आठ बार उशिरा ई फ्लॅटवर चढतात. आठ-आठ बारांचे गट बोटांच्या पेरांवर मोजा आणि प्रत्येक गटाची सम मोकळ्या डी वर घ्या. ती मोकळी तार सुरुवातीला मैलाच्या दगडासारखी वापरायची. पुढे सवय झाली की काढून टाका.

मोजणी हातात आली की मग ऐका, चेंबर्स एकाच कॉर्डवर सोळा बार कसा चालतो. सप्तक चढतो, उतरतो, मध्येच एक स्वर दोनदा घेतो, एखाद्या ठिकाणी ‘ढु-ढुम’ अशी जादा उडी घालतो. उड्या थोड्या असतात. नक्कल करणारे दर बारला एक घालतात, आणि मग ते खिचडीत दर घासाला खडा लागल्यासारखं होतं. एका आवर्तनात त्याच्या उड्या नेमक्या किती आणि कुठे, ते कागदावर मांडा. आपली जीभ आपोआप आवरते.

वेगाचं प्रकरण

जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’वरचा शेवटचा ट्रॅक ‘मिस्टर पी.सी.’ हा चेंबर्सच्याच आद्याक्षरांवर बेतलेला आहे. मे १९५९ चं रेकॉर्डिंग. सी मायनरमधला बारा बारचा ब्लूज, लय मिनिटाला अडीचशेच्या आसपास, अख्खं आवर्तन जेमतेम बारा सेकंदांत. ‘फ्रेडी फ्रीलोडर’ची तीन-चार आवर्तनं पाठ झाल्याशिवाय इकडे वळू नका.

या लयीत पाय दर मात्रेला ठोकू नका, एक आणि तीनवरच ठोका. मग ती सव्वाशेची लय होते आणि अंग सैल राहतं. उजव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. सगळ्यात मोठी चूक जोराची. वेग वाढला की माणूस आपसूक जोर वाढवतो, आणि दोन मिनिटांत कोपरापासून हात लाकडासारखा होतो. नेमकं उलट करायचं: वेग वाढेल तसा जोर कमी, तारेवरचा प्रवास कमी. १६० पासून सुरू करा, दर दोन दिवसांनी ५ ने वाढवा, आणि ज्या आकड्याला खांदा वर उचलला जाईल तिथून १० मागे या.

गज

चेंबर्स गजाने सोलो वाजवायचा, आणि त्याच्या काळात जॅझमध्ये हे करणारे मोजकेच होते. १९५७ च्या ‘बास ऑन टॉप’वर ‘यस्टरडेज’ ऐका. त्याच्या गजाचा आवाज कोरडा, नाकातून आल्यासारखा आहे. काहींना तो अजिबात आवडत नाही, आणि सुरांत काही जागा सैल आहेत हेही खरं. पण सॅक्सोफोनवाला बोलेल तसं वाक्य तो गजाने बोलतो, आणि ते आधी गाऊन बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

बोटांनी वाजवताना लपणारे बेसूर स्वर गज उघडे पाडतो. म्हणून वॉकिंगची, म्हणजे दर मात्रेला एक स्वर घेत जाणारी, चालसुद्धा आठवड्यातून एकदा गजाने, अगदी सावकाश वाजवावी. सुरुवात मोकळ्या तारांवर: ६० ची लय, चार मात्रांना एक अख्खा गज. आवाज फाटत असेल तर बहुधा गज फार वेगाने जातो आहे. बासला व्हायोलिनपेक्षा कमी वेग आणि जास्त वजन लागतं. गज फिंगरबोर्डचं टोक आणि घोडी यांच्या मधोमध ठेवा, जाड तारेवर घोडीपासून थोडा लांब. बासचं रोझिन, म्हणजे गजाला लावायची राळ, मऊ आणि चिकट असतं. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिलं तर डबीतून वाहतं, तेव्हा डबी उभी आणि सावलीत ठेवा. वाजवायच्या आधी गजावर दोन-तीन वेळा एकाच दिशेने फिरवलं तर पुरे.

वाद्य आणि पावसाळा

फिंगरबोर्डच्या टोकाशी स्टीलच्या तारांची उंची साधारण जी ला ५-६ आणि ई ला ८-९ मिलिमीटर असावी. आतड्याच्या तारा जास्त हेलकावतात, त्यांना दोन-तीन मिलिमीटर जास्त लागतात. चेंबर्ससारखा ठोसा हवा म्हणून उंची एकदम वाढवू नका, महिन्याला अर्धा मिलिमीटर पुष्कळ झाला. मुंबई-कोकणात जून उजाडला की लाकूड दमट हवेने फुगतं, पोट वर येतं आणि काही न करताच तारा उंच होतात. घोडीला फिरकीचे स्क्रू बसवून घेतले असतील तर तेवढ्याने भागतं. प्लायवूडचं वाद्य या हवेत अखंड लाकडाच्या वाद्यापेक्षा कमी रुसतं.

तारा बदलायच्या त्या एकेक करून. वाद्याच्या आतला साउंडपोस्ट, म्हणजे लाकडी खांब, चिकटवलेला नसतो, केवळ तारांच्या दाबाने उभा असतो. चारही तारा एकदम सैल केल्या तर तो पडतो, घोडीही घसरते, आणि वाद्य कारागिराकडे न्यावं लागतं. एक तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, पट्टीच्या जवळपास आणा, मग दुसरी. घोडी वरच्या बाजूने पुढे झुकली असेल तर प्रत्येक तारेनंतर दोन्ही हातांनी हळूच सरळ करा. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, तेवढे दिवस रेकॉर्डबरोबर वाजवायला बसू नका.